ट्रॅक्टरची डिझेलवाहिनी : तपासणी व सुधारणा

गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावी एरवी नांगरटीत असलेल्या ट्रॅक्टरवरही मग उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढण्याचे काम येते. अशा ओझ्यासह चढावर इंजिन बंद पडले तर खेपेचा खोळंबा होतोच, शिवाय जीवावरही बेतते. इंजिनाचा जोर कमी पडला की पुष्कळ मालक इंजेक्शन पंपाचे सील तोडून डिझेल वाढवितात. त्याने काळा धूर व उष्णता मात्र वाढते. वास्तविक टाकीपासून पंपापर्यंतची वाट प्रथम तपासावी. दोष बहुधा तेथेच सापडतो.

इंजिनास किती डिझेल लागते?

पूर्ण भारावर दर अश्वशक्तीस ताशी सुमारे 200 ग्रॅम डिझेल लागते. म्हणजे 50 अश्वशक्तीच्या इंजिनास ताशी 10 किलो, अर्थात सुमारे 12 लिटर. भरण पंपाने याहून अधिक डिझेल पुरवावयाचे असते. उरलेले परतीच्या नळीने टाकीत जाते. म्हणून परतीची नळी कधीही बंद करू नये.

नळीच्या आतील व्यासाचे महत्त्व मोठे आहे. दाब व लांबी तीच असता 6 मिलिमीटरच्या नळीपेक्षा 8 मिलिमीटरच्या नळीतून तिपटीहून अधिक डिझेल वाहते. उलट, चेपलेली, मुरगळलेली किंवा आतून फुगलेली नळी मोठे इंजिनही उपाशी ठेवते.

हवा कोठून शिरते?

टाकी पंपाच्या खाली असेल किंवा वाट तुंबली असेल, तर नळीत ओढ निर्माण होते. अशा ठिकाणचा सैल सांधा डिझेल बाहेर सांडत नाही. तो बाहेरची हवा आत घेतो. म्हणून "कोठे गळत नाही, तर नळी ठीक आहे" हा समज चुकीचा होय. पंपाआधी तात्पुरती डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी जोडावी. इंजिन चालू असता तीत बुडबुडे दिसल्यास सांधे, वॉशर व क्लिपा तपासाव्यात.

सुधारणा कशी करावी?

1. टाकीचे बूच व त्यातील हवेचे छिद्र स्वच्छ करावे. छिद्र बुजल्यास टाकीत पोकळी होऊन डिझेल थांबते.
2. जुनी रबरी नळी बदलून डिझेलसाठीच बनविलेली, मूळ मापाची नळी बसवावी. नळी एक्झॉस्टपासून दूर, घर्षण होणार नाही अशी बांधावी.
3. जस्ताचा मुलामा दिलेली नळी किंवा डबा वापरू नये. डिझेलमध्ये जस्त उतरून गाळ धरतो.
4. फिल्टर निर्मात्याने सांगितलेल्या तासांनी बदलावा व त्याच्या तळाचे पाणी नित्य काढावे. पंपातील दट्ट्या व नळकांडे यांमधील फट केवळ काही मायक्रॉन असते. केसाची जाडी त्याच्या कितीतरी पट. काळ्या मातीची धूळ तेथे घातकच.
5. सायंकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्री आत दव साचत नाही.
6. काम संपल्यावर पुस्तिकेप्रमाणे हवा काढावी.

एक सक्त इशारा

वरील सर्व सुधारणा पंपापर्यंतच्या कमी दाबाच्या भागाच्या आहेत. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळ्यांची लांबी व व्यास बदलू नये. त्याने डिझेल फवारण्याची वेळ बिघडते. जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे धूरमानक लागू झाले. अशा बऱ्याच इंजिनांत कॉमन रेल पद्धत असून तिचा दाब 1000 वातावरणदाबाहूनही अधिक असतो. इंजिन चालू असता तिचा सांधा सैल करू नये व गळती हाताने चाचपू नये. सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. गळती पुठ्ठा धरून पाहावी. धार अंगात शिरल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी प्रत्येक गावी ही तपासणी करून दाखवावी. थोड्या खर्चाच्या नळीने महागड्या पंपाचे रक्षण होते व ऊस वेळेवर पोहोचतो.