कार्पेटखालचं खारं पाणी

मालवणीतल्या गॅरेजमध्ये मिस्त्रीचाचांनी डाव्या सीटचे चार बोल्ट काढले, सीट बाजूला ठेवली, कार्पेटचं टोक उचललं आणि खालचा फेल्ट मुठीत दाबला. पाणी गळलं. महिना एप्रिलचा. पाऊस जाऊन सहा महिने झाले होते. सीटच्या रुळांभोवती आणि बोल्टच्या भोकांत पांढरे खरखरीत थर साचले होते. माझ्या आईने त्यावर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "मीठ हाय."

आम्ही मढ कोळीवाड्यातले. घरची होडी आहे, डोल जाळं आहे. बोंबील, जवळा, करंदी हा आमचा माल. आईने आयुष्यभर पाटी घेऊन मालाडच्या बाजारात मासळी विकली. कधी २७१ नंबरच्या बसने, कधी चौघीजणींनी मिळून केलेल्या टेम्पोने. गुडघे गेल्यावर बसची पायरी तिला चढवेना, म्हणून २०२२ च्या दिवाळीत मी तीन वर्षं वापरलेली एक छोटी हॅचबॅक घेतली. सकाळी आईला आणि तिच्या मासळीला बाजारात सोडायचं, तिथूनच कामावर जायचं. मढ जेट्टीवरून वर्सोव्याला जाणाऱ्या बोटीत माणसं आणि दुचाक्या जातात, चारचाकी नाही. त्यामुळे आमची प्रत्येक खेप एरंगळ, आक्सा, मार्वे अशी खाडी आणि समुद्राच्या वाऱ्यातूनच व्हायची.

गाडी आली त्याच आठवड्यात मी तिला सजवायला नेलं. बावीस हजार खर्च केले. कडा उंच असलेल्या जाड सेव्हन-डी मॅट, रेक्झिनची सीट कव्हरं, चार नवे स्पीकर, डॅशबोर्डखाली निळी एलईडी पट्टी, जेलचं अत्तर. दिसायला गाडी नव्यासारखी झाली. खाली काय आहे ते बघायला मात्र मी एक रुपयाही खर्च केला नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

गाडी बोलत होती, मी ऐकत नव्हते. पहिल्या पावसाळ्यात कुबट वास आला. मासळीची गाडी, वास येणारच, असं समजून मी अत्तराची डबी बदलली. मग सकाळी काचा आतून घामेजलेल्या दिसू लागल्या. फडक्याने पुसल्या आणि निघाले. दुसऱ्या पावसाळ्यात डाव्या दाराची काच मधेच थांबायची, कधी बटण न दाबता खाली यायची. फ्यूज बदलला. शेवटी डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि विझेना. तोही मी तीन आठवडे तसाच ठेवला, कारण गाडी तर चालत होती.

हा दिवा लागलेला असतो तेव्हा धडकेत एअरबॅग उघडेलच याची खात्री उरत नाही. एअरबॅगच्या आणि धडकेच्या क्षणी सीटबेल्ट आवळून धरणाऱ्या यंत्रणेच्या वायरी ओळखीसाठी पिवळ्या वेष्टणात असतात. त्यांतल्या काही सीटच्या बाजूने, अगदी जमिनीलगत जातात. बऱ्याच गाड्यांत या सगळ्याचा मेंदू असलेली पेटीही गिअरच्या आसपास, कार्पेटच्या पातळीवरच बसवलेली असते. आमच्या गाडीत डाव्या सीटखालच्या पिवळ्या जोडणीचे पितळी पाय हिरवे पडले होते. त्या सीटवर रोज माझी आई बसत होती. हे लिहितानाही हात थांबतो.

चाचांनी तासभर गाडी तपासली आणि म्हणाले, "ये एक जगह का पानी नहीं है." तीच गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. छोट्या गाडीत ओल दिसली की सगळे एकच कारण धरून बसतात, पण पाणी वेगवेगळ्या वाटांनी येतं आणि फेल्टमध्ये एकत्र होतं.

पहिली वाट पुढच्या काचेखालची. वायपरच्या खाली जाळी असते, तिच्यातून पावसाचं पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांनी चाकांमागे उतरतं. आमच्याकडे किनाऱ्याला सुरूची झाडं. सुरूच्या सुया त्या जाळीतून सहज आत जातात आणि नळीच्या तोंडाशी गच्च बसतात. पाणी साचतं, पातळी चढते आणि एसीच्या हवेच्या वाटेने आत उतरतं. चाचांनी माझ्या गाडीतून ओंजळभर सुया काढल्या.

दुसरी वाट एसीची. थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि रबरी नळीने गाडीखाली ठिबकतं. नळी तुंबली की तेच पाणी डाव्या पायाशी येतं. हे ओळखणं सोपं: पाऊस नसतानाही पुढची डावी बाजू ओली, पाणी स्वच्छ, बिनवासाचं. उन्हाळ्यात एसी लावून उभ्या केलेल्या गाडीखाली ओघळ दिसलाच पाहिजे. दिसला नाही तर त्याच दिवशी नळी साफ करून घ्या. पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते इंजिनाचं कूलंट आहे. ते विषारी असतं, अशी गाडी ताबडतोब दाखवा.

तिसरी वाट मी स्वतः पैसे देऊन तयार केली होती. खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत जातं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. ते आत येऊ नये म्हणून दाराच्या पॅनेलमागे एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. नवे स्पीकर बसवताना दुकानातल्या मुलाने तो फाडला आणि तसाच सोडला. प्रत्येक पावसात दोन्ही पुढची दारं आत गळत होती. स्पीकर बसवायचेच असतील तर समोर उभे राहा आणि पडदा पुन्हा नीट चिकटवल्याशिवाय पॅनेल लावू देऊ नका. एवढं एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे निम्मे पैसे वाचले असते.

चौथी वाट आमच्या धंद्याची. मागची सीट पाडून मी थर्माकोलचे खोके ठेवायचे. वळणावर बर्फाचं पाणी हिंदकळायचं आणि सीटच्या फटीतून खाली जायचं. वर सेव्हन-डी मॅट. तिच्या उंच कडा बाहेरचं पाणी अडवतात हे खरं, पण खालून आलेली ओलही त्या तितक्याच घट्ट दाबून ठेवतात. वरून हात फिरवला की कोरडं, खाली डबकं.

तरी एप्रिलपर्यंत ते सुकलं का नाही, हा प्रश्न मी चाचांना विचारत होते, उत्तर दिलं आईने. "खारवलेलं म्हावरं कितीबी सुकवून ठेव, पावसाचा वारा लागला का पाझरतंच." बरणीत भरलेला सुका बांगडा श्रावणात ओलसर लागतो, ते तिने जन्मभर पाहिलेलं. कारण तेच आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच्या हवेतही ओलं राहतं. म्हणजे मुंबईच्या हवेत खारं पाणी सांडलं की ते सुकल्यासारखं दिसतं, सुकत नाही. आणि मिठाचं पाणी लोखंडाला साध्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर खातं. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पत्र्याच्या सांध्यावर गंज फुगून खपल्या निघत होत्या. गाडी सहाव्या वर्षात होती.

म्हणून उपायही उलटा वाटेल असाच आहे: खारं पाणी सांडलं तर आधी भरपूर गोडं पाणी घाला. आम्ही बॅटरीची वायर काढली, सीटा काढल्या, कार्पेट बाहेर काढून तीन वेळा गोड्या पाण्याने धुतलं, पिळलं, आणि जिथे बोंबील सुकतात त्या वलांडीवर चार दिवस उन्हात टाकलं. जुना फेल्ट फेकून दिला. त्याचे थर कुजले होते, तो वाचवण्यात अर्थ नव्हता. पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर, वर रंग. पिवळ्या जोडणीला मात्र चाचांनी हात लावला नाही, ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. प्रामाणिक मिस्त्री असा ओळखावा. सगळं मिळून चौतीस हजार गेले, सजावटीपेक्षा बारा हजार जास्त.

आता सीटबेल्टच्या एका चकचकीत क्लिपबद्दल. पुढच्या सीटवर खोका ठेवला की वजनामुळे गाडीला तिथे माणूस बसलाय असं वाटतं आणि बेल्टची घंटी वाजत राहते. दुकानदाराने बेल्टच्या खाचेत अडकवायची एक क्लिप फुकट दिली. घंटी बंद. पुढे आईही त्या क्लिपवरच बसू लागली, बेल्ट न लावता. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना ही घंटी सक्तीची झाली, ती काही उगाच नाही. अशा क्लिप विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्या काढून टाकायला लावल्या. त्याच्या आदल्या वर्षी, ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. एअरबॅग ही बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. क्लिप मी मोडून टाकली. मासळी आता डिकीत असते.

डॅशबोर्डवर एकवीरा आईची तसबीर होती. आईने ती तिच्या समोरच, एअरबॅगच्या झाकणावर चिकटवली होती. एअरबॅग उघडते ती डोळ्यांची पापणी लवायच्या आत, आणि झाकणावर जे असेल ते तेवढ्याच वेगाने समोरच्या माणसावर येतं. आईला हे समजावताना मला जड गेलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग तिनेच तसबीर काढून माझ्या हातात दिली. आता देवी मधल्या कोनाड्यात आहे, दोघींनाही दिसते.

चालकाच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट ठेवू नका. मॅट पुढे सरकून अ‍ॅक्सिलरेटरमध्ये अडकते. २००९ साली अमेरिकेत टोयोटाने याच भीतीने लाखो गाड्यांच्या मालकांना चालकाची मॅट काढून ठेवायला सांगितलं होतं. मॅट कोणतीही असो, ती खालच्या हुकात बसली पाहिजे.

मग गाडीत काही बदल करूच नयेत का? करावेत, मी केलेत. डिकीत पूर्ण तळ झाकणारा, चारी बाजूंनी कडा असलेला प्लॅस्टिकचा ट्रे घेतला. खोक्याऐवजी झाकणाचा आइसबॉक्स. सेव्हन-डी काढून साध्या रबरी मॅट टाकल्या, ज्या रोज संध्याकाळी उचलून झटकता येतात. एसीचा फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्समागे असतो. कमी किमतीच्या काही मॉडेलांत ती जागा रिकामीच असते, आमच्यात होती. तो बसवल्यावर वास निम्मा झाला. उरलेला एका सवयीने गेला: परतताना एरंगळ आलं की एसी बंद आणि पंखा चालू. घरी पोहोचेपर्यंत कॉइल कोरडी होते, बुरशी धरत नाही. पावसात काचा घामेजल्या तर एसी चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्या. आतलीच हवा फिरवत राहिलात तर आपल्याच श्वासाची ओल काचेवर बसते. निळी एलईडी पट्टी काढून टाकली. ती मूळ वायर कापून, टेप गुंडाळून जोडलेली होती. खाऱ्या हवेत असा जोड टिकत नाही. कुठलंही इलेक्ट्रिकचं काम वायर न कापता, जोडणीला जोडणी लावून आणि वेगळ्या फ्यूजसह होत असेल तरच करा.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सीट कव्हरांकडे पाहू नका. दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी उचला, कार्पेटखाली बोट घाला. स्टेपनी काढून तिचा खड्डा बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, त्यावर चिखलाची रेघ दिसली तर ती गाडी पाण्यात बुडालेली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दर पावसाळ्यात थोड्या थोड्या बुडतातच, आणि धुऊन-पुसून विकल्याही जातात.

१ जूनला मासेमारी बंद होते. त्याच्या आधी आमच्याकडे होड्या वर ओढतात, खरवडतात, शाकारून ठेवतात. मढ, भाटी, एरंगळ, मार्वे, तिकडे गोराई-मनोरीपर्यंत जिच्या घरी गाडी आहे आणि गाडीत मासळी जाते, त्या प्रत्येक बाईला माझं सांगणं आहे: मे महिन्याच्या उन्हातले चार दिवस गाडीलाही द्या. मॅट काढा, कार्पेट उचला, फेल्ट मुठीत दाबून बघा.