शंका-समाधान : मुलांची अर्धशिशी आणि गांजाचं तेल

किशोरवयीन मुलांच्या अर्धशिशीवर या सदरात लिहिल्यापासून जी पत्रं आली, त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न आहे : गांजाच्या झाडापासून काढलेलं औषध मुलांना द्यावं का? त्यांतली चार पत्रं इथे घेते आहे. कुणाची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

*'मुलगी दहावीत आहे. महिन्यातले अठरा-वीस दिवस डोकं दुखतं, निम्मी शाळा बुडते. मैत्रिणीनं विजया तेल सुचवलंय, तिच्या भाचीला आठ दिवसांत फरक पडला. आयुर्वेदिक आहे म्हणजे अपाय नाही ना? सासरची माणसं म्हणतात, अभ्यास चुकवायला नाटकं करते. सोबत गोळ्यांची यादी पाठवते.'*

ताई, सासरच्या माणसांना आधी एवढं सांगा, की हे नाटक नाही. अर्धशिशीत चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणांच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस चेतवली जाते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं प्रथिन सुटतं आणि एरवी न दुखणारी गोष्ट दुखायला लागते. उजेड नको होतो, कुकरची शिट्टी डोक्यात घुसते, पोटात ढवळतं. महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस डोकेदुखी, अशी तीन महिन्यांहून अधिक चालली, आणि त्यांतले निदान आठ दिवस अर्धशिशीचे असले, तर तिला आम्ही जुनाट मायग्रेन म्हणतो. तुमची मुलगी तिथे पोचली आहे, आणि घरात तिच्यावर विश्वास न ठेवणं हा तिला होणारा दुसरा त्रास आहे.

आता यादी. तिच्यात दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली म्हणजे दुकानातून आणलेली, दोन-तीन औषधं एकत्र असलेली वेदनाशामक गोळी. ती जवळजवळ रोज जाते आहे. अशी मिश्र गोळी महिन्यातून दहा दिवस किंवा जास्त आणि साधी पॅरासिटामॉल पंधरा दिवस किंवा जास्त, अशी तीन महिन्यांहून अधिक घेतली गेली, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. गोळी उतरली की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत हे मला वारंवार सापडतं आणि पालकांना त्याची कल्पना नसते, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती बंद करावी लागेल. पहिले काही दिवस दुखणं वाढेल. त्या दिवसांत घरानं तिच्याजवळ बसायला हवं.

दुसरी गोष्ट व्हॅल्प्रोएट. वयात आलेल्या मुलींना हे औषध देताना आम्ही फार विचार करतो, कारण पुढे गर्भावर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो. याला पर्याय आहे का, ते डॉक्टरांना विचारा. मनानं मात्र बंद करू नका. आणि हेच औषध चालू असताना गांजाच्या झाडातलं सीबीडी असलेलं तेल सुरू केलं, तर यकृताला इजा होण्याची शक्यता वाढते. एवढ्या एका कारणानेही आज ते तेल तुमच्या घरात येऊ नये.

विजया म्हणजे भांग-गांजाचंच झाड. तिच्यातले दोन घटक महत्त्वाचे : नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी. आयुर्वेदाच्या रसग्रंथांनी विजयेला उपविषांत धरलं आहे, आणि आपल्या औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टातही ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायच्या द्रव्यांत आहे. तेव्हा 'आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी' हे खुद्द आयुर्वेदाचंही म्हणणं नाही. बाटलीत काय असतं तेही बघा. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तेव्हा जेमतेम ३१ टक्क्यांवरचं लेबल बरोबर निघालं, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

राहता राहिली मैत्रिणीची भाची. तिला बरं वाटलं यावर माझा विश्वास आहे. पण ८ ते १७ वर्षांच्या ३६१ मुलांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना अ‍ॅमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट, काहींना औषध नसलेली तशीच गोळी दिली. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले ते अनुक्रमे ५२, ५५ आणि ६१ टक्के मुलांचे. औषध नसलेल्या गोळीवर ६१! ही मुलं खोटं दुखणं सांगत नव्हती. कुणीतरी लक्ष घातलं, झोपेची-जेवणाची वेळ लागली, नोंदी ठेवल्या, बरं होण्याची आशा धरली, आणि या वयाचा मेंदू त्याला जोरदार प्रतिसाद देतो. म्हणून एका भाचीचा अनुभव, किंवा अशा पन्नास भाच्यांचाही, तेल लागू पडल्याचा पुरावा होत नाही. तुलना करायला दुसरा गट लागतो.

आणि जे लागू पडतं ते अजून तुमच्या मुलीला मिळालेलंच नाही. २०१३ मध्ये जुनाट मायग्रेनच्या १३५ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या जोडीला ज्यांना समुपदेशकानं विचार आणि वर्तन बदलण्याचं पद्धतशीर शिक्षण दिलं, त्यांतल्या ६६ टक्के मुलांचं दुखणं निम्म्यावर आलं. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसोबत ज्यांना फक्त डोकेदुखीची माहिती दिली, त्यांच्यात ३६ टक्के. 'समुपदेशक' म्हटलं की आपल्याकडे पालक दचकतात. यात मुलीला वेडं ठरवणं नाही. दुखणं येतंय असं जाणवताच शरीर सैल कसं सोडायचं, वर्गात दुखलं तर काय करायचं, हे शिकवणं आहे. सकाळी उपाशी क्लासला पाठवू नका, दप्तरात पाण्याची बाटली असू द्या, आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुखण्याच्या दिवसाला लाल आणि गोळीच्या दिवसाला निळी खूण करा. पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांना दाखवा.

*'पूर्वी इंग्रज डॉक्टरसुद्धा अर्धशिशीवर गांजा देत, असं वाचलं. मग आताच विरोध का?' — एक निवृत्त शिक्षक*

गुरुजी, वाचलंत ते खरं आहे. कलकत्त्यात ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या औषधी वापरावर लिहिलं, तिथून तो युरोपच्या औषधालयांत गेला. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या पाठ्यपुस्तकातही अर्धशिशीवर त्याची शिफारस आहे. पण तेव्हाच्या डॉक्टरांच्या हाती दुसरं फार काही नव्हतं. १९६४ पर्यंत टीएचसी वेगळं करून त्याची रचना कुणी उलगडलेली नव्हती, त्यामुळे एका बाटलीत किती आणि दुसरीत किती हे कळायला मार्ग नव्हता. विरोध झाडाला नाही. मेंदूत गांजासारखेच रेणू मुळात तयार होतात, त्यांतल्या एकाचं नाव १९९२ मध्ये 'आनंद' या संस्कृत शब्दावरून 'आनंदामाइड' ठेवलं गेलं. त्या व्यवस्थेतून उद्या मायग्रेनचं उत्तम औषध निघालं, तर मी पहिली लिहून देईन.

*'आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा चौदा वर्षांचा, वजन बावन्न किलो, महिन्यातून सात-आठ दिवस मायग्रेन. इथे मायग्रेनसाठी गांजाचं कार्ड मिळतं. फिटवाल्या लहान मुलांना चालतं, तर याला का नको? मे महिन्यात पुण्याला येणार आहोत.'*

न्यू जर्सीनं २०१८ मध्ये मायग्रेन आपल्या पात्र आजारांच्या यादीत घातला, हे बरोबर. पण तो सरकारी निर्णय आहे. मुलांवरच्या चाचणीतून तो निघालेला नाही. फिटचं तसं नाही. शुद्ध सीबीडीचं एपिडिओलेक्स हे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालं ते ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या फार कठीण फिटच्या आजारांसाठी, तुलनेचा गट ठेवून केलेल्या चाचण्यांनंतर. त्याचा डोस पुष्कळ असतो आणि यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. त्यातून मायग्रेनबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

प्रौढांत थोडा उजेड दिसतो आहे. सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या चाचणीत टीएचसी आणि सीबीडीचं मिश्रण वाफेतून घेतल्यावर दोन तासांत ६७ टक्के वेळा आराम पडला, औषध नसलेल्या वाफेनं ४७ टक्के वेळा. हे प्रौढांतलं आणि एकेका झटक्यापुरतं. मुलांसाठी कॅनडात मॅनिटोबाच्या संशोधकांनी १४ ते १७ वयोगटात सीबीडी-प्रधान अर्काची एक छोटी चाचणी आखली, पण तिचा प्रश्न 'हे मुलांना सोसतं का' एवढाच आहे. दुखणं थांबतं का, हा त्यानंतरचा. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये घेतलेली भूमिका मला पटते : मान्यताप्राप्त औषधाबाहेर मुलांना वैद्यकीय गांजा नको, अपवाद फक्त जीवघेण्या किंवा आयुष्य खिळवून टाकणाऱ्या आजारांचा, जिथे चालू उपाय थकले आहेत.

तुमच्या मुलाचे उपाय थकलेले नाहीत. रायझाट्रिप्टान तिथे सहा वर्षांपासूनच्या मुलांना मान्य आहे. दंडावर बांधून विजेचे सौम्य संकेत देणारं उपकरण २०२१ मध्ये बारा वर्षांपासूनच्या मुलांसाठी मान्य झालं. आणि २०२५ मध्ये सीजीआरपी रोखणारं फ्रेमानेझुमॅब हे इंजेक्शन ६ ते १७ वर्षं वयाच्या, ४५ किलो किंवा जास्त वजनाच्या मुलांतल्या अधूनमधून होणाऱ्या मायग्रेनसाठी मान्य झालं. तुमचा मुलगा नेमका त्यात बसतो. कार्डाच्या आधी हे विचारा.

पुण्याला येताना तिथलं गांजाचं काहीही बॅगेत आणू नका, मुलाच्या तर मुळीच नाही. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा विमानतळावर न्यू जर्सीचं कार्ड ओळखत नाही.

*'मी सोळा वर्षांचा, हॉस्टेलला असतो. डोकं फुटायची वेळ आली तेव्हा रूममेटनं गांजा ओढायला दिला. त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली. आता आठवड्यातून चार-पाच दिवस ओढतो. पण हल्ली उलट्या वाढल्यात, गरम पाण्यानं अंघोळ केली की बरं वाटतं. न ओढलेल्या दिवशी जास्त दुखतं. काकांवर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत. घरी कळलं तर मारतील. नाव छापू नका.'*

नाव छापलेलं नाही, छापणारही नाही. त्या रात्री तुला झोप लागली हे मला खरं वाटतं. इतकं दुखत असताना समोर आलेला हात तू धरलास, यासाठी मी तुला रागावणार नाही.

पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नेहमी गांजा घेणाऱ्यांत काहींना उलट्यांचा एक आजार होतो, आणि गरम पाण्यानं बरं वाटणं ही त्याची खूण आहे. तो गांजा थांबल्यावरच थांबतो. न ओढलेल्या दिवशीचं दुखणं सवय सुटतानाचंही असू शकतं; त्यात डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप उडते. तुला वाटतंय गांजा डोकं थांबवतो, आणि कदाचित तोच आता ते दुखवतो आहे.

आणि काकांचं. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला. भरतीच्या वयापर्यंत ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट होतं. तरीही बहुतेकांना तो झाला नाही, म्हणून घाबरून जाऊ नकोस. पण मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालते, आणि घरात मानसिक आजार असेल तर धोका वाढतो. तुझ्यासाठी गांजाचं कुठलंच रूप नको : ना सिगारेटमधलं, ना भांग, ना तेल.

आता काय करायचं ते सांगते. घरी मारतील असं वाटतं, तर घरातलं जे माणूस मारणार नाही त्याच्यापासून सुरुवात कर. मामा, मोठी बहीण, आत्या, कुणीही. '१४४१६' हा टेलिमानसचा फोन चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. उलट्या थांबेनात, पाणीही पोटात राहीना, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि गांजाबद्दल डॉक्टरांना खरं सांग, म्हणजे ते चुकीच्या तपासण्यांत वेळ घालवणार नाहीत. अचानक आजवरचं सर्वांत भयंकर दुखलं, ताप येऊन मान ताठ झाली, हात किंवा पाय लुळा पडला किंवा दोन-दोन दिसायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

तुझ्या अर्धशिशीवर अजून एकही धड उपचार झालेला नाही, हे तुझ्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. तुझ्याबरोबर येणारं ते एक माणूस ठरलं, की संपादकांकडे कळव. तुझ्या गावाजवळ मुलांच्या डोकेदुखीवर कोण उपचार करतं, ते मी शोधून ठेवते आहे.