ऊसतोडीचे स्थलांतर आणि घरकुलाचे बांधकाम

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा व आसपासच्या कोरडवाहू भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडू लागतात. नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील साखर कारखान्यावर जाते व पाच-सहा महिन्यांनी परतते. मागे बहुधा म्हातारी माणसे राहतात. हे हंगामी जाणे पुढे कायमचे होते, त्याची कारणे अनेक आहेत. राहण्याजोगे घर नसणे हे त्यांपैकी एक असून ते गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या आटोक्यातले आहे.

केवळ घरामुळे माणूस गावी थांबत नाही, हे मात्र आधीच सांगणे इष्ट होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९७२ च्या दुष्काळानंतर लोक गाव सोडून गेले होते. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पाणलोटाची कामे, चराईबंदी व पाण्याचा ताळेबंद यांमुळे शेतीस पाणी मिळाले, आणि तेव्हा बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परतली. पाणी व काम प्रथम, घर त्याच्या जोडीने.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. सपाट प्रदेशासाठी घरामागे १ लाख २० हजार रुपये व स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर क्षेत्र असे तिचे प्रमाण ठरले. रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार, छायाचित्र घेऊन, हप्त्यांनी दिली जाते. ऊसतोड कुटुंबाची अडचण नेमकी येथेच होते. पहिला हप्ता दिवाळीच्या तोंडावर हाती आला, तर जोते कसेबसे उभे राहते आणि कुटुंब कारखान्यावर जाते. पुढचा टप्पा दाखविण्यास कोणी नसते व हप्ता अडतो. कुटुंब परत येते तो सिमेंट व मजुरीचे दर चढलेले असतात.

म्हणून मंजुरीची कागदपत्रे, बँक खाते व जागेचा उतारा ही कामे कुटुंब जाण्यापूर्वीच पुरी करून घ्यावीत. जागा नसल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेची चौकशी पंचायत समितीत करावी. कुटुंब परतताच पाया खणण्यास लागावे. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीवर पाया टेकविल्यास भिंतींना तडे जातात. पाया मुरुमापर्यंत नेलाच पाहिजे, मग खर्च थोडा वाढला तरी चालेल.

जोते मृगापूर्वी व्हावे. भिंती पेरणी आटोपल्यावर घ्याव्यात व छत भाद्रपदात पावसाची उघडीप पाहून टाकावे. उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, आणि छतास तर निदान दहा दिवस पाणी मारावे लागते. पावसाळ्याअखेर ते विहिरीत असते. शौचालय व न्हाणी त्याच वेळी पुरी करावी, म्हणजे आजी-आजोबांपाशी नातवंडांना शाळेसाठी ठेवून जाता येते. गोठ्यासाठी मोकळी जागा राखण्यास विसरू नये. बैलजोडी वा शेळ्या असलेले कुटुंब गोठ्याविना त्या घरात फार दिवस राहत नाही.