विस्मृति आणि तीन शब्दांची परीक्षा

‘साठी बुद्धि नाठी’ अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. घरांतील वृद्ध मनुष्य विसरूं लागला कीं आपण ती म्हण उच्चारतों आणि हंसून विषय सोडून देतों. परंतु वार्धक्यांतील प्रत्येक विस्मृति हा वयाचाच धर्म असतो असें नाहीं. कांहीं वेळां तो मेंदूचा रोग असतो. तो लवकर कसा ओळखतात, हें विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असावें, म्हणून हा अल्प लेख आम्ही लिहीत आहों.

१९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं डॉ. अल्झायमर यांनीं ५१ वर्षांच्या एका स्त्रीला कांहीं वस्तु दाखविल्या. तिनें त्यांचीं नांवें बरोबर सांगितलीं. पण थोड्याच वेळानें आपण काय पाहिलें हें तिला आठवेना. १९०६ सालीं ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासून त्यांनीं ह्या रोगाचें वर्णन केलें. १९१० पासून तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

आजच्या संक्षिप्त परीक्षांतहि मुख्यतः हीच गोष्ट पाहतात. ‘मिनी-कॉग’ नांवाच्या परीक्षेंत परीक्षक तीन असंबद्ध शब्द सांगून ते म्हणवून घेतो. नंतर घड्याळाचें चित्र काढून त्यांत ठराविक वेळ दाखविण्यास सांगतो, आणि मग ते तीन शब्द पुन्हां विचारतो. शब्दांचे ३ व घड्याळाचे २ असे एकूण ५ गुण. वेळ सुमारें ३ मिनिटें. गुण ३ हून कमी आल्यास पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे.

घड्याळाचें काम मध्यें घालण्यांत हेतु आहे. ऐकलेला शब्द लागलीच उच्चारणें सोपें. मन दुसरीकडे गुंतल्यावर तो परत आणणें, ही खरी कसोटी. नवी आठवण सांठविण्यास मदत करणारा मेंदूचा भाग ह्या रोगांत बहुधा आरंभींच क्षीण होतो. म्हणूनच आजोबांना बालपणची शाळा आठवते, पण सकाळची न्याहारी आठवत नाहीं.

तथापि परीक्षा म्हणजे निवाडा नव्हे. ज्यानें कधीं लेखणी धरिली नाहीं त्याला घड्याळ काढतां आलें नाहीं, तर त्यावरून रोग ठरत नाहीं. ह्याच कारणास्तव हरियाणांतील बल्लभगड भागाच्या निरक्षर वृद्धांसाठीं मुद्दाम बेतलेली एक हिंदी परीक्षा १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. बहिरेपणा, मनाची खिन्नता, थायरॉईड ग्रंथीचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेंहि गुण कमी पडतात. आणि यांपैकीं कित्येकांवर चांगला उपाय आहे. उलटपक्षीं, सुशिक्षित मनुष्य रोगाच्या आरंभीं पूर्ण गुणहि मिळवूं शकतो. यास्तव परीक्षेबरोबरच नित्याच्या वागणुकीकडे लक्ष असावें: ओळखीची वाट चुकणें, पैशांच्या हिशेबांत गोंधळणें, एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारणें.

अल्झायमर समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं. परंतु वेळीं कळल्यास उपचार सुरू होतात, आणि रोग्याला स्वतःच्या इच्छेनें आपल्या व्यवहाराची व्यवस्था लावतां येते.

विद्यार्थ्यांनो, ही परीक्षा घरीं आजीवर करून पाहूं नका. तिला नापास ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे. तिनें तोच प्रश्न दहादां विचारला तर दहादां प्रेमानें उत्तर द्या, आणि वडिलांस सांगून तिला डॉक्टरांकडे न्या. मातापित्यांचा मान राखण्याची आज्ञा आपण लहानपणीं पाठ करतों. ती पाळण्याची वेळ हीच होय.