परदेशी इंग्रजी शिकवायला पुन्हा जावे का? : एक हिशेब

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलाला घरचे लोक दोन कामे हमखास सांगतात. एक म्हणजे बँकेचा फॉर्म भरणे. दुसरे म्हणजे ‘तू कॉमर्सचा ना, मग सांग बघू यात फायदा किती?’ या प्रश्नाला उत्तर देणे. पहिले काम सोपे. दुसऱ्या कामासाठी मात्र वर्गात शिकलेले सगळे पणाला लावावे लागते. यंदा आमच्या आतेबहिणीच्या बाबतीत असाच एक प्रश्न निघाला. त्या निमित्ताने केलेला अभ्यास विद्यार्थी मित्रांपुढे मांडावा म्हणून हा लेख. आकडे ताईच्या परवानगीने आणि सोयीसाठी गोल करून दिले आहेत.

प्रश्नाचे स्वरूप

ताई मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली. इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झाली आणि थायलंडच्या ईशान्य भागातील एका गावी खाजगी शाळेत दोन वर्षे इंग्रजी शिकवून आली. आत्याची शस्त्रक्रिया ठरली म्हणून मार्चमध्ये ती परतली आणि इथेच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत लागली. आता तिकडच्या शाळेने पुन्हा बोलावले आहे. तिथले शैक्षणिक वर्ष मेच्या मध्यावर सुरू होते, म्हणून उत्तर लवकर हवे. आत्या म्हणते, ‘जा, माझी काळजी करू नकोस.’ मामा म्हणतात, ‘एवढा खर्च करून शिकलीस, कागदपत्रे केलीस, ते वाया का घालवतेस?’ शेजारी म्हणतात, ‘पंचावन्न हजार सोडून पंधरा हजारांवर कोण राहतो?’

तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण हिशेबाच्या दृष्टीने तिन्ही विधाने अपुरी आहेत. ती कशी, ते आता पाहू.

बुडीत खर्च

कॉस्टिंगच्या तासाला बुडीत खर्चाची कल्पना शिकवतात. जो खर्च होऊन गेला आणि कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही. मामांचे म्हणणे नेमके इथे अडखळते. प्रमाणपत्रावर, विमानाच्या तिकिटावर आणि दाखल्यांच्या साक्षांकनावर झालेला खर्च ताई गेली तरी झालेला आहे आणि राहिली तरी झालेला आहे. ‘वाया जाईल’ या भीतीने तिसरे वर्ष घालवणे म्हणजे गेलेल्या पैशामागे आणखी एक वर्ष पाठवणे होय.

मात्र बुडीत खर्चातून मिळालेली एक गोष्ट बुडीत नसते, ती म्हणजे माहिती. पहिल्यांदा जाणारा माणूस अंदाजावर जातो. पुन्हा जाणाऱ्याला खोलीचे भाडे ठाऊक असते, वर्गातल्या मुलांचे चेहरे ठाऊक असतात आणि पावसाळ्यात किती एकटे वाटते हेही ठाऊक असते. म्हणून ‘जावे का’ आणि ‘पुन्हा जावे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

जमाखर्च

आता शेजाऱ्यांच्या आकड्याकडे वळू. तिकडचा पगार महिना २२,००० बाथ. एक बाथ म्हणजे अडीच रुपये असे समजू. म्हणजे महिना ५५,००० रुपये झाले. इथला पगार १५,०००. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण दोन पगारांची तुलना करणे हा हिशेब नव्हे. वर्षअखेर हातात काय उरते त्याची तुलना करायला हवी.

तिकडचा करार दहा महिन्यांचा आहे. अशा अनेक शाळांत सुट्टीचा पगार मिळत नाही. दहा महिन्यांचे २,२०,००० बाथ मिळतात. त्यातून भाडे, वीज, जेवण, फोन व प्रवास यांना महिना १२,००० प्रमाणे १,२०,००० जातात. तिकीट, व्हिसा, कामाचा परवाना आणि कागदपत्रे यांना मिळून ३०,००० लागतात. उरले ७०,००० बाथ, म्हणजे १,७५,००० रुपये. राहिलेले दोन महिने ती इथे घरी असेल. त्या काळात महिना ५,००० प्रमाणे १०,००० रुपये खर्च होतील. अखेरची शिल्लक १,६५,००० रुपये.

इथे बारा महिन्यांचा पगार १,८०,००० रुपये. घरी राहून महिना ५,००० खर्च धरला, तर ६०,००० वजा जाऊन शिल्लक १,२०,००० रुपये.

म्हणजे वर्षाचा खरा फरक ४५,००० रुपयांचा! महिन्याला चाळीस हजारांचा वाटणारा फरक वर्षभराचा हिशेब केल्यावर एका थाई पगाराहूनही कमी निघाला. इथे संध्याकाळी प्रत्येकी २,००० रुपयांच्या दोन शिकवण्या धरल्या, तर वर्षाला ४८,००० मिळतात आणि फरक पुसला जातो.

कराचाही विचार केला. थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस वा अधिक राहणारा निवासी ठरतो. वजावटी जाऊन करपात्र उत्पन्नाच्या पहिल्या १,५०,००० बाथांवर तिथे कर नाही, म्हणून ताईला तिथे कर पडत नाही. भारतीय नागरिक नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्या वर्षी भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, तर तो सामान्यतः अनिवासी ठरतो आणि परदेशातील पगारावर इथे कर लागत नाही. तेव्हा कराने हा निकाल इकडेही झुकत नाही आणि तिकडेही नाही. बँकेतील साधे बचत खाते मात्र अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. अनेक जण ते विसरतात, म्हणून इथे नोंदवतो.

विनिमय दराचा धोका

पगार बाथमध्ये आणि गरज रुपयांत, अशा वेळी दर बदलला की हिशेब बदलतो. बाथ २ रुपये २० पैशांवर आला तर वरचा ४५,००० चा फरक २४,००० वर येतो. सुमारे १ रुपया ८६ पैसे या दराला दोन्ही पारडी सारखी होतात. हा आपला ना-नफा-ना-तोटा बिंदू. तो दूर आहे, पण अशक्य कोटीतला नाही. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाथ मोकळा सोडला. तोपर्यंत डॉलरला सुमारे २५ बाथ असलेला दर जानेवारी १९९८ मध्ये पन्नाशीच्या पलीकडे गेला. आशियातील मोठ्या आर्थिक संकटाची ती सुरुवात होती.

दुसरा धोका धंद्याचा. जपानमधील इंग्रजी संभाषणवर्गांची सर्वांत मोठी साखळी ‘नोव्हा’ ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली आणि हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंधने घातली आणि इंग्रजीच्या शिकवणीचा प्रचंड व्यवसाय थोड्या महिन्यांत आक्रसला. दुसऱ्या देशाच्या एका निर्णयावर आपली नोकरी उभी असते, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पात्रतेचा प्रश्न

पैशाने निकाल लागत नाही म्हटल्यावर अभ्यास पुढे न्यावा लागला. इंग्रजी शिकवण्याच्या परदेशी नोकऱ्यांत पगार पुष्कळदा पारपत्र पाहून ठरतो. एकाच शाळेच्या जाहिरातीत इंग्लंड-अमेरिकेच्या शिक्षकाला एक पगार आणि भारतीय वा फिलिपिनो शिक्षकाला कमी पगार असे आढळते. दक्षिण कोरियाच्या सरकारी योजनेत सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना घेतात. मात्र भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला आणि त्यान्वये पदवी व शिक्षकाची अर्हता असलेल्या भारतीयांना साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची वाट निघाली. ‘शिक्षकाची अर्हता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

ज्याची मातृभाषा इंग्रजी तोच उत्तम इंग्रजी शिक्षक, ही समजूत अभ्यासकांनी फार पूर्वीच तपासली आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात तिला भ्रम ठरवले आणि हंगेरीचे पेटर मेजेश यांनी १९९४ मध्ये परभाषक शिक्षकाच्या जमेच्या बाजूंवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ताईच्या अनुभवाने मला ते पटले. थाई भाषेत आपल्या मराठीप्रमाणेच ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे नाहीत. क्रियापद काळानुसार बदलत नाही. शब्दाच्या शेवटचा ‘ल’ त्यांच्या तोंडी ‘न’ होतो, त्यामुळे ‘फुटबॉल’चा ‘फुटबॉन’ होतो. ज्याने स्वतः उपपदे पाठ करून, चुकून, पुन्हा लिहून इंग्रजी मिळवले आहे, त्याला मूल कुठे अडते ते चटकन कळते. बेळगावच्या मराठी शाळेत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांशी झुंजलेल्या मुलीला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पण गुण असणे वेगळे आणि कागदावर असणे वेगळे. थायलंडच्या २००३ च्या कायद्यान्वये तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना शिक्षकाला लागतो. अध्यापनाची पदवी नसलेल्यांना तात्पुरती परवानगी मिळते. तिची मुदत दोन वर्षांची असते. ती वाढवून घेता येते, पण कायम नव्हे. ताईची दोन वर्षे अशाच परवानगीवर गेली. इथेही परिस्थिती फार वेगळी नाही. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा २०१० पासून आवश्यक झाली आहे आणि बी. एड. २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांचे झाले आहे. म्हणजे ताई दोन्ही देशांत शिक्षिका आहे, पण दोन्हीकडे तात्पुरती.

वर्षाचा घसारा

इथे आपल्याला घसारा आठवतो. यंत्र दर वर्षी झिजते म्हणून आपण नफ्यातून काही रक्कम बाजूला काढतो. माणसाच्या बाबतीत झिजतो तो काळ. तात्पुरत्या परवानगीवर घालवलेले तिसरे वर्ष ४५,००० रुपये जास्त देते खरे, पण त्या वर्षाअखेर ताई जिथे होती तिथेच असते, वयाने मात्र एका वर्षाने मोठी. पगार पहिल्या वर्षाचाच, परवानगी तीच आणि बी. एड. एक वर्ष पुढे गेलेले. हा घसारा कोणी पगारपत्रकात दाखवत नाही, म्हणून तो नाहीच असे वाटते.

उलट आधी अर्हता मिळवली, तर दोन वर्षांची मिळकत बुडते. घरची शिल्लक १,२०,००० प्रमाणे २,४०,००० रुपये, आणि वर फी. ही वैकल्पिक खर्चाची रक्कम लहान नाही. पण त्यानंतर ती इथे कायम जागेसाठी उभी राहू शकते आणि जायचेच ठरले तर पूर्ण अर्हतेची शिक्षिका म्हणून जाऊ शकते. पहिल्या मार्गात पैसा मिळतो आणि दारे तेवढीच राहतात. दुसऱ्यात पैसा जातो आणि दारे वाढतात.

ताळेबंदाखालच्या टिपा

ताळेबंदात ज्या देण्यांचा आकडा ठरत नाही, ती संभाव्य देणी म्हणून खाली टीप लिहून दाखवतात. आत्याची प्रकृती ही अशी टीप आहे. तिकीट काढून दोन दिवसांत घरी पोहोचता येते, पण त्या दोन दिवसांची किंमत मांडता येत नाही.

दुसरी टीप तिकडच्या बाजूची आहे आणि ती लिहिली नाही तर हिशेब खोटा ठरेल. थाई भाषेत शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘गुरू’पासून गेला आहे. शाळा सुरू झाल्यावर, बहुधा जूनमधल्या एखाद्या गुरुवारी, तिथली मुले फुले घेऊन शिक्षकांना वंदन करतात. आपल्याप्रमाणे त्यांच्याकडेही गुरुवार हा बृहस्पतीचा वार. ताई सांगते की त्या दिवशी वर्गातल्या मुलांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा आपण कमी पगाराच्या परदेशी बाई आहोत हे ती विसरली. इथल्या शाळेत तिला तो मान अजून मिळालेला नाही. ही गोष्ट रुपयांत धरता येत नाही, पण माणूस पुन्हा जातो तो पुष्कळदा याच्यासाठीच.

निष्कर्ष

हे सगळे मांडून वही ताईपुढे ठेवली. तिने पगाराचा रकाना फारसा पाहिला नाही. घसाऱ्याचे पान मात्र दोनदा वाचले. मग तिने तिकडच्या शाळेला कळवले की यंदा येणे होणार नाही, आणि बी. एड.च्या प्रवेशाची चौकशी सुरू केली. संध्याकाळी शिकवण्या घेऊन फीचा काही भाग ती स्वतः उभा करणार आहे. नंतर जायचे की नाही, ते तिने मोकळे ठेवले आहे. हा निर्णय घेताना तिला वाईट वाटले, हेही लिहिले पाहिजे. ‘पुढच्या वर्षी येते’ असे ती त्या मुलांना सांगून आली होती.

प्रत्येकाचे उत्तर हेच असेल असे नाही. ज्याच्याजवळ अर्हता आहे, ज्याच्या घरी कर्ज फेडायचे आहे किंवा ज्याच्या करारात सुट्टीचा पगार आहे, त्याचे आकडे वेगळे पडतील आणि जाणे योग्यही ठरेल. मात्र चार प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. झालेला खर्च मी पुन्हा मोजतो आहे का? महिन्याचा पगार पाहतो आहे की वर्षाची शिल्लक? दर पडला तर काय? आणि वर्ष संपल्यावर माझ्या हातात पैशाखेरीज काय नवे असेल?

आमच्या कन्नड विभागातील मित्र हिशेबाला ‘लेक्क’ म्हणतात. शब्द कोणताही असो, हिशेब माणसाऐवजी निर्णय घेत नाही. तो फक्त कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे ते स्वच्छ करतो. एवढे काम वाणिज्य शाखेने आपल्याकडून करून घेतले, तरी पुष्कळ झाले.