व्यायामाचा नेम कसा धरावा ?



नवे वर्ष लागले की आपण काही ना काही नेम धरतो. कोणी म्हणतो पहाटे उठणार, कोणी म्हणतो दुकानातल्या गोळ्या खाणार नाही, आणि निम्मी मुले म्हणतात व्यायाम करणार. संक्रांतीचा तिळगूळ संपतो तसा तो नेमही संपतो. माझा तर संक्रांतीपर्यंतसुद्धा टिकला नव्हता.

मागल्या वर्षी १ जानेवारीला मी ठरवले की रोज शंभर सूर्यनमस्कार घालायचे. पहिल्या दिवशी कसेबसे चाळीस घातले. दुसऱ्या दिवशी ओट्यावरून उतरता येईना. आई म्हणाली, "काय रे, म्हाताऱ्यावाणी का चालतोस ?" तिसऱ्या दिवशी पंधरा घातले, चौथ्या दिवशी सुट्टी घेतली, आणि ती सुट्टी वर्षभर चालली.

मग डिसेंबरात शाळेची सहल कळसूबाईला गेली. कळसूबाई शिखर आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. बारी गावातून वाट चढते आणि अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. मी पहिल्या शिडीपाशीच बसलो. धाप लागली, पोटऱ्यांना गोळे आले. माझी चौथीतली बहीण माझ्यादेखत शिडी चढून गेली. दुपारी तिने वरून देवीचा प्रसाद आणून माझ्या हातावर ठेवला. तो मला काही गोड लागला नाही.

गुरुजी माझ्याजवळ थांबले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तू न थांबता किती पळू शकतोस, हे तुला ठाऊक आहे का ?" मला ठाऊक नव्हते. गुरुजी म्हणाले, मग शंभराचा आकडा कुठून काढलास ? खरे म्हणजे तो आकडा ऐकायला बरा वाटला म्हणून काढला होता.

सहलीहून आल्यावर आम्ही आधी मोजमाप केले. मैदानाची एक फेरी दोरीने मोजली, ती १६० मीटर भरली. मी न थांबता दोनच फेऱ्या पळू शकलो. मग नाडी मोजली. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवायची, घड्याळाकडे बघत १५ सेकंद ठोके मोजायचे आणि ४ ने गुणायचे. पळण्याआधी माझे ठोके मिनिटाला ८८ होते, पळल्यावर १६४, आणि पाच मिनिटे बसल्यावर ११२. नियमित व्यायामाने हृदय बळकट होते आणि एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलते. त्यामुळे पळणे थांबल्यावर ठोके लवकर खाली येतात. माझ्यासारख्या बारीक मुलाला दंड फुगलेला दिसायला फार दिवस लागतील, पण हा आकडा महिन्या-दीड महिन्यात बदलतो असे गुरुजी म्हणतात. बघू या.

नेम असा हवा की तो पुरा करणे आपल्या हातात असेल. "पहिला नंबर काढीन" हा नेम नव्हे, कारण दुसरा जास्त जोरात पळाला तर आपण काय करणार ? "आठवड्यातून पाच दिवस परिपाठाच्या आधी पळीन" हा नेम झाला.

आपल्या पाथर्डी तालुक्याला लागून बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका आहे. तिथल्या मांडवा गावचे अविनाश साबळे तुम्हाला माहीत असतील. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, शाळेला सहा किलोमीटर जायचा. बारावीनंतर ते सैन्यात गेले, आणि पळण्याच्या शर्यतीकडे वळले ते सैन्यात गेल्यावरच. त्यांची शर्यत ३००० मीटर अडथळ्यांची, तिला स्टीपलचेस म्हणतात. त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. २०१८ साली त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पळून ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे स्वतःचाच विक्रम ते मोडत गेले. २०१९ मध्ये ८ मिनिटे २१.३७ सेकंद, २०२१ मध्ये १८.१२, २०२२ मध्ये ११.२०, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद.

आता वजाबाकी करा. सहा वर्षांत किती कमी झाले ? वीस सेकंदसुद्धा पुरते नाहीत. मी एका वर्षात शून्यावरून शंभरावर जाणार होतो !

यातला २०२१ चा आकडा टोकियो ऑलिंपिकमधला आहे. तिथे साबळे अंतिम फेरीत पोचले नाहीत. पण स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा ते दोन सेकंद लवकर आले. हरले म्हणावे की जिंकले ? आमच्या वर्गात यावर भांडण झाले. मी जिंकले म्हणणाऱ्यांत होतो. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले, सोने फक्त ०.०५ सेकंदाने गेले. ८ मिनिटे ९.९१ सेकंद म्हणजे १०० मीटरला साधारण १६.३ सेकंद, आणि असे तीस वेळा, मध्ये न थांबता. आपल्या मैदानावर त्या पावणेएकोणीस फेऱ्या होतात. मी दोन फेऱ्यांतच बसलो होतो.

पालकांपैकी कोणी म्हणेल, पोरं रानात कामं करतात, आणखी व्यायाम कशाला ? बरोबर आहे, ते काम व्यायामातच धरायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. भराभर चालत शाळेला येणे, खेळणे, पाणी वाहणे, सगळे त्यात मोजता येते. माझी बहीण रोज दोन्ही वेळा डेअरीला दूध घालायला पायी जाते. मी जातो तेव्हा सायकलवर जातो. ती शिडी का चढली हे मला आत्ता कळले. पण दूध घालून आल्यावर तिला भांडी असतात आणि मी मैदानावर असतो, हेही पालकांनी बघावे.

आमच्या वर्गातली चार मुले दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत. त्यांची नावे तक्त्यावर आहेत. गुरुजींनी त्यांच्याकडे कोरे कागद पाठवले. कोपीपुढे दोरीवरच्या उड्या मारता येतात, त्याला मैदान लागत नाही. आल्यावर ती आपले आकडे भरतील.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. मी ते करून बघितले आहे, पुन्हा ओट्यावरून उतरता येत नाही. जेवल्या जेवल्या पळू नका. पाय भरून आले तर चालत राहा, ते दोन दिवसांत जातात. पण गुडघा किंवा घोटा सुजला, छातीत दुखले की थांबा आणि घरी सांगा. साबळे यांनाही २०२५ मध्ये शर्यतीत गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि धावणे थांबवावे लागले.

माझा यंदाचा नेम असा : आठवड्यातून पाच दिवस, दर आठवड्याला अर्धी फेरी जास्त. १ जानेवारीला दोन फेऱ्या होत्या. काल तीन झाल्या, शेवटची जरा रखडत. पाच मिनिटांनंतरचे ठोके १०८. डिसेंबरात सहल पुन्हा कळसूबाईलाच न्यायची असे गुरुजींनी कबूल केले आहे.

तक्ता सातवीच्या दाराशी लावला आहे, पेन्सिल सुतळीने बांधली आहे. पालकांनाही नाडी मोजून बघायची असेल तर मोठे घड्याळ ऑफिसात आहे.