टेबल एक, किटल्या दोन : मराठी-इंग्रज घरातला चारचा चहा

सून किंवा जावई इंग्रज असलेल्या घरात दोन्हीकडच्या मंडळींना एकत्र बसवण्यासाठी दुपारच्या चहासारखे निमित्त नाही. आपल्याकडे चारचा चहा रोजचाच. इंग्लंडमध्ये रात्रीचे जेवण उशिरा होऊ लागले आणि मधल्या भुकेसाठी चहाची ही वेळ पडली. १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी ही चाल पाडली, असे सांगतात. ती आपल्या घरी रुजवताना एक सूत्र धरावे : टेबलावर दोन्ही रीती असाव्यात, कपात त्यांची सरमिसळ नको. क्रम असा ठेवावा.

१. वार आणि वेळ पक्की करा. महिन्यातला एक ठरावीक रविवार, दुपारी चार. त्या दिवशी जेवण साडेबाराच्या आत आणि हलके असावे. निमंत्रण देताना ‘हाय टी’ म्हणू नका. ब्रिटनमध्ये मुळात तो कामकरी घरांतला संध्याकाळचा पोटभर आहार; त्या शब्दावर व्याही जेवायच्या तयारीने येतील.

२. पदार्थ चारच ठेवा. दोन तिखटमिठाचे, दोन गोड. प्रत्येक जोडीत एक आपला, एक त्यांचा. काकडीचे सँडविच आणि कोथिंबीर वडी, स्कोन आणि नानकटाई, एवढे पुरते. कोणाला काय चालत नाही हे आठवडाभर आधी विचारून घ्या. वडीत दाण्याचे कूट घालत असाल तर शेंगदाण्याची ॲलर्जी हा प्रश्न आवर्जून विचारावा. घरात कोणी अंडे खात नसेल, तर स्कोनला वरून अंड्याऐवजी दूध लावावे.

३. आदल्या दिवशी निम्मे काम उरका. वड्यांचे उंडे वाफवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. कापून तळायचे ते चारच्या तोंडावर. नानकटाई भाजून डब्यात भरा.

४. स्कोन मात्र त्याच दिवशी करा. २२५ ग्रॅम मैद्यात तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि २५ ग्रॅम साखर मिसळा. ५५ ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळा, की पीठ रव्यासारखे दिसू लागते. सुमारे १५० मिलिलिटर दूध घालून पीठ नुसते गोळा करा. पोळीच्या कणकेसारखे मळले, तर स्कोन चिवट होतात. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा थर थापून वाटीने गोल कापा आणि २२० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजा. सव्वातीनला ओव्हनमध्ये गेले की चारला कोमट मिळतात.

५. सँडविच शेवटच्या अर्ध्या तासात करा. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटे ठेवा आणि सुटलेले पाणी कापडाने टिपा. ब्रेडला कडेपर्यंत लोणी लावा. त्यामुळे ओल ब्रेडमध्ये जिरत नाही. निम्म्या सँडविचांत हिरवी चटणी घालावी, निम्मी साधी ठेवावीत.

६. दोन चहा वेगळे करा. आपल्या चहासाठी सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून गोळीदार केलेली पावडर घ्या. ती उकळीला टिकते. आले आणि गवती चहा आधी पाण्यात चांगले उकळू द्या, दूध नंतर. कच्च्या आल्यातल्या विकरामुळे दूध फाटू शकते. त्यांच्या चहासाठी आसामची अखंड पत्ती घ्या. टीपॉट गरम पाण्याने विसळा, प्रत्येक कपामागे एक छोटा चमचा पत्ती टाका, उकळते पाणी ओता आणि चार मिनिटांनी गाळा. ही पत्ती गॅसवर उकळू नका, चहा कडवट होतो. दूध आणि साखर ज्याची त्याने घ्यावी.

७. वाढण्याचा क्रम सांगून ठेवा. तीन मजली तबक असेल तर खाली तिखटमिठाचे, मध्ये स्कोन, वर नानकटाई. खायला खालून सुरुवात. स्कोन सुरीने न कापता हाताने मधोमध उघडावा. डेव्हनमध्ये आधी क्रीम, मग जॅम लावतात. कॉर्नवॉलमध्ये नेमके उलटे. दोन्ही वाट्या मध्ये ठेवा आणि वाद रंगू द्या. तिथले क्लॉटेड क्रीम मंद आचेवर तापवून वर धरलेल्या थराचे असते. भारतात ते न मिळाल्यास घट्ट साय हलकी फेटून घ्यावी.

८. मुलांकडे एक काम आणि एक गोष्ट सोपवा. काम कपबश्या मांडण्याचे. गोष्ट कॅथरीन ऑफ ब्रगांझा हिची : १६६२मध्ये ही पोर्तुगीज राजकन्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. तिच्यामुळे इंग्रज दरबारात चहाची आवड वाढली आणि तिच्याच लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांकडे गेली. दोन्हीकडच्या आजी-आजोबांना यात भर घालायला भरपूर वाव असतो.

९. उठण्यापूर्वी पुढचा यजमान ठरवा. पुढच्या खेपेला आपला पदार्थ त्यांनी करावा आणि त्यांचा आपण. कामाचा ताण वाटू लागला, तर चारांऐवजी दोन पदार्थ करा, खारी-बिस्किटे विकत आणा. पण ठरलेला रविवार मोडू नका.